केळी आहेत, पण मीठ कुठंय?

वाचकांचे प्रश्न: लांब पल्ल्याची सायकल आणि खाणं-पिणं

प्रश्न : जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळे आणि परत, असा सराव चालू आहे. पुढे २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे. दर किती किलोमीटरला काय खावं, याचा तक्ता मिळेल का? (जळगाव)

तक्ता करा, पण किलोमीटरचा नको, घड्याळाचा करा. उन्हाळ्यात दुपारी तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा उठतो. पारोळ्याहून धुळ्याकडे निघालात की तो थेट छातीवर येतो. सकाळी जे २० किलोमीटर पन्नास मिनिटांत गेले असते, त्यांना आता दीड तास लागतो. पाय दीड तास राबतात आणि पोट मात्र ‘अजून वीस कुठे झालेत’ म्हणून उपाशी. किलोमीटर मोजून खाणारा वाऱ्यात आणि घाटात हमखास फसतो.

यकृत आणि स्नायू मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते. जोरात चालवलं तर दीड-दोन तासांत ती तळाला जाते. मग पाय जड होतात, हात कापतात, चिडचिड होते, कोणता गिअर टाकायचा तेही सुचत नाही. सायकलवाले याला ‘बॉन्क’ म्हणतात. एकदा ही वेळ आली की खाऊनही लगेच काही होत नाही, अर्धा तास गेलाच समजा. म्हणून भूक लागायची वाट न पाहता निघाल्यापासून पाऊण तासात पहिला घास पोटात गेला पाहिजे.

तासाला ५० ग्रॅम कर्बोदकं हा आकडा धरून चाला. सराव असेल तर ६० ग्रॅम सहज पचतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मिळून घेतलं आणि पोटाला महिनाभर सवय लावली, तर ९० ग्रॅमपर्यंतही जाता येतं. आपल्या साध्या साखरेत हे दोन्ही निम्मे-निम्मे असतातच. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले नऊ तास खोगिरावर गेले असं धरलं तर ४५० ग्रॅम होतात. आकडा मोठा वाटतो, पण निम्म्याहून जास्त भाग बाटलीतून जातो.

उन्हाळ्यासाठी ७५० मिलीच्या बाटलीचं प्रमाण असं: साखर ३० ग्रॅम (चहाचे साडेसात सपाट चमचे), मीठ पाव चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम, आणि अर्धं लिंबू. तासाला अशी एक बाटली. उरलेले २०-२५ ग्रॅम चावून खायचे. त्यासाठी एक मध्यम केळं, किंवा चार बिया काढलेले खजूर, किंवा दोन छोटे राजगिरा लाडू, किंवा सहा-सात ग्लुकोज बिस्किटं पुरतात. राजगिऱ्याचा लाडू धाप लागलेली असताना तोंडात टाकू नका. त्याचा कोरडा भुगा घशात अडकतो. उतारावर किंवा थांबून, घोटभर पाण्याबरोबर खा.

डिसेंबरला हेच प्रमाण चालत नाही. धुळ्याच्या पहाटेच्या थंडीत तासाला अर्धा लिटरही पाणी जात नाही, म्हणजे तेवढीच साखर कमी पाण्यात बसवावी लागते. तेव्हा ५०० मिलीत ३५ ते ४० ग्रॅम साखर आणि मीठ चिमूटभर. शंभर मिलीला आठ ग्रॅमच्या वर मात्र जाऊ नका. त्याहून गोड पाणी जठरातून लवकर पुढे सरकत नाही, पोटात डचमळत राहतं. उन्हाळ्यात पाणी जास्त प्यायचं असतं, म्हणून ते फिकं ठेवायचं.

साखर-मिठाच्या पुड्या घरी बांधून घ्या, पण एका बाटलीला एक पुडी. तीनशे ग्रॅम साखरेत मीठ मिसळून त्याच्या दहा पुड्या केल्या तर मीठ तळाशी बसतं, मग एक बाटली अळणी आणि पुढची समुद्रासारखी. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा. लिंबू टपरीवर मिळतंच.

निघण्याआधीच्या न्याहारीचं: पुस्तकात अडीच-तीन तास आधी भरपेट खा असं असतं. पहाटे पाचला निघायचं तर दोन वाजता उठून कोण खाणार? त्यामुळे खरी भरती आदल्या रात्री करा, वरण-भात आणि पोळी. पहाटे चारला कमी तेलाचे पोहे, कोरडे ६० ग्रॅम घेऊन केलेले, शेंगदाणे न घालता. नाहीतर चहा आणि गूळ-पोळी. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी त्या दिवशी सकाळी नको. उडीद आणि साल यांचा चोथा तासाभराने पोटात गुडगुडायला लागतो.

मोबाइलवर दर वीस मिनिटांचा गजर लावा. प्रत्येक गजराला चार-पाच मोठे घोट, पहिला घास दुसऱ्या गजराला आणि पुढे दर तिसऱ्या गजराला.

प्रश्न : आमची घरचीच केळीची बाग आहे. राइडला सहा-सात केळी खातो, तरी १२० किलोमीटरनंतर पोटऱ्यांत गोळे येतात. केळ्यात पोटॅशियम असतं ना? (रावेर)

असतं. १०० ग्रॅम गरात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, २२-२३ ग्रॅम कर्बोदकं, आणि सोडियम फक्त १ मिलिग्रॅम. गोम इथेच आहे. घामातून पोटॅशियम थोडं जातं, लिटरला साधारण २०० मिलिग्रॅम. सोडियम मात्र लिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या आसपास जातं. कुणाचं पाचशे, कुणाचं दीड हजार. तुमच्या काळ्या जर्सीवर सुकल्यावर पांढरे नकाशे उमटत असतील, तर तुम्ही दीड हजारवाल्यांत. एवढं मीठ केळ्याच्या घडाने भरून निघणार नाही. एक ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे वर सांगितलेल्या एका बाटलीतून ६०० मिळतं. जास्त खारट घाम असणाऱ्यांनी बाटलीत मीठ अर्ध्या चमच्याच्या जवळ न्यावं, किंवा थांब्यावर लिंबाच्या लोणच्याची फोड खावी.

स्वतःचा घाम मोजणं अवघड नाही. लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर चालवा, अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा ६२ किलोचे ६१.२ झाले आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात, तर तासाचा घाम १.३ लिटर. हे एकदा मार्चमधल्या सकाळी दहाला आणि एकदा डिसेंबरमध्ये करून बघा. सगळाच्या सगळा घाम परत प्यायची गरज नसते, राइडनंतर वजन दोन टक्क्यांपर्यंत घटलं तरी चालतं. वजन वाढलं तर मात्र गडबड. तहान नसताना लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, अंगठी रुतते, डोकं ठणकतं, मळमळतं, पुढे माणूस गोंधळतो. अशा वेळी ‘डिहायड्रेशन झालंय’ समजून आणखी पाणी पाजणं धोक्याचं. सरळ दवाखान्यात न्या.

आता पोटरीत येणाऱ्या गोळ्यांबद्दल. सगळा दोष मिठावर टाकू नका. सरावापेक्षा जास्त अंतर, जड गिअर, खोगिराची चुकलेली उंची यांनी थकलेला स्नायूही आखडतो. शंभर किलोमीटरपर्यंतच सराव असताना १२० ला गोळा आला तर तो बराचसा थकव्याचा आहे. गिअर हलका करा, टाच खाली दाबून पोटरी ताणा. लोणच्याच्या खारावर प्रयोग झालेत. त्यात मीठ रक्तात पोहोचायच्या आधीच गोळा सुटलेला दिसला, म्हणजे आंबट-खारट चवीने घशातल्या नसांवर काही परिणाम होत असावा. करून बघायला हरकत नाही.

ओआरएसच्या पुडीबद्दलही तुम्ही विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची एक लिटरची पुडी घेतली तर सोडियम भरपूर, १७०० मिलिग्रॅमच्या आसपास. पण ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम. ती जुलाबाच्या रुग्णासाठी बनवली आहे. कडक उन्हात दिवसातून एखादी बाटली तिची ठीक, पण तिच्यावर सायकल चालत नाही. आणि घेताना औषध दुकानातून, पुडीवरचं सूत्र वाचून घ्या. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगीच नाही.

घरची केळी सोडू नका, ती उत्तम इंधन आहेत. सालीवर तपकिरी ठिपके आलेली घ्या. हिरवटात पिष्ट जास्त असतं आणि ते पचायला जड. खिशात दोनच ठेवा, बाकीची वाटेत घ्या, नाहीतर शिकरण जर्सीतच तयार होतं.

प्रश्न : दुपारी ढाब्यावर शेवभाजी-पोळी खाल्ली की पुढचे तीस किलोमीटर ढेकर, मळमळ, एकदा तर उलटी. मग खायचं काय? शेवभाजी सोडवत नाही. (धुळे)

सोडू नका, फक्त वेळ बदला. तर्रीचं तेल, तळलेली शेव, गरम मसाला, सगळं एकत्र. स्निग्ध पदार्थ जठर सावकाश रिकामं करतात. त्यात रक्त पायांकडे आणि उन्हामुळे त्वचेकडे वळलेलं, पोटाच्या वाट्याला थोडंच. वर तुम्ही हँडलवर वाकून बसता, म्हणजे भरलेलं पोट दाबलं जातं. तिखट वर येणारच.

ढाब्यावर साधं वरण-भात किंवा कमी तेलाची डाळ-खिचडी मागा, आणि अर्धी प्लेट. २०० ग्रॅम शिजलेल्या भातातून ५५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात, म्हणजे एका तासाची सोय झाली. दही-भातावर मीठ घालून घेतलंत तर उन्हात उतरतोही छान. तडका वेगळा द्यायला आधीच सांगावं लागतं, नाहीतर आचारी प्रेमाने ओततो. उकडलेला बटाटा आणि मीठ हाही झकास पर्याय. जेवल्यावर वीस-तीस मिनिटं हलक्या गिअरवर चालवा.

उसाचा रस चांगला, पण त्याच्या २५० मिलीत तीसेक ग्रॅम साखर असते. चिमूटभर मीठ आणि लिंबू घाला, बर्फ नको, आणि मागोमाग तेवढंच पाणी प्या. बर्फाचं पाणी कुठलं याची खात्री नसते, आणि पोट बिघडलं तर राइड तिथेच संपते. चहाला काही हरकत नाही. एका कपाने शरीरातलं पाणी आटतं हा गैरसमज आहे.

मळमळ सुरू झालीच तर आधी वेग कमी करा. सावलीत थांबा, मान आणि डोकं ओलं करा, दर पाच मिनिटांनी दोन-तीन घोटच घ्या. गोड काही नको. अर्ध्या तासात बरं वाटलं तर केळ्याच्या दोन घासांनी सुरुवात करा. पण अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध झालं असेल, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी फसू नका. मिळेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

शेवभाजी घरी पोहोचल्यावर, रात्री. भरीत आणि कळण्याची भाकरीही तेव्हाच. त्या वेळी प्रथिनंही हवी असतात आणि उडीद ती देतो.

प्रश्न : मे महिन्यात बाटलीतलं पाणी अर्ध्या तासात चहासारखं होतं. प्यावंसंच वाटत नाही. (भुसावळ)

गरम पाणी नकोसं होतं म्हणून माणूस कमी पितो, खरं नुकसान त्याचं. भुसावळच्या मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर असतो. तेव्हा पहिला उपाय म्हणजे पहाटे साडेचारला निघून दहा-साडेदहापर्यंत सावली गाठणे. इतर उपाय त्यानंतरचे.

रात्री बाटली एक तृतीयांश भरून आडवी ठेवून गोठवा, सकाळी वर पाणी भरा. पूर्ण भरून गोठवली तर फुगून झाकणाचे आटे फुटतात. दुसरं, बाटलीवर जुना सुती मोजा चढवा आणि तो ओला ठेवा. पूर्वी ट्रकच्या बाजूला कॅनव्हासची पाणपिशवी टांगलेली असायची, तेच तत्त्व. आपल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि बाटली गार राहते. जुलैच्या दमट हवेत हा मोजा नुसता ओला राहील, गार काही करणार नाही. दुहेरी भिंतीची बाटली दीड-दोन तास टिकते, पण तीत पाणी कमी मावतं.

दोन बाटल्यांपैकी एकीत साखर-मीठ आणि दुसरीत साधं पाणी ठेवा. साधं पाणी डोक्यावर ओतता येतं, केळ्याबरोबर पिता येतं. साखरेचं डोक्यावर ओतलं की चिकटा आणि माश्या. दोन बाटल्या मिळून दीड लिटर, म्हणजे उन्हात जेमतेम सव्वा-दीड तास. तेव्हा पाण्याचे थांबे आधी नकाशावर टिपून ठेवा. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी मोफत देणं बंधनकारक आहे.

ताक न्यायचं का, असंही विचारलंय. टपरीवर ताजं प्या, मीठ घालून. बाटलीत भरून नेलंत तर दोन तासांत आंबून झाकण उडेल.

प्रश्न : वाटेत स्वच्छतागृहाची सोय नसते म्हणून मी आणि मैत्रिणी राइडच्या आदल्या रात्रीपासून पाणीच कमी पितो. दुपारी डोकं दुखतं. (अमळनेर)

डोकेदुखीचं कारण तुमच्याच पत्रात आहे. शिवाय लघवी दाटून जळजळ आणि संसर्ग होतो तो वेगळाच. पाणी कमी करण्याऐवजी त्याची वेळ आणि पद्धत बदला. निघायच्या दोन तास आधी ४०० ते ५०० मिली प्या, ते घरातच निघून जाईल. मग वाटेत दर पंधरा-वीस मिनिटांनी १५० मिली, मीठ घातलेलं. उन्हात यातलं बहुतेक घामातच जातं. वारंवार थांबावं लागतं ते थांब्यावर एकदम बाटलीभर साधं पाणी प्यायल्यामुळे. शरीर ते साठवू शकत नाही, अर्ध्या तासात बाहेर काढतं. मिठाचं पाणी जास्त वेळ टिकतं.

पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह असणंही बंधनकारक आहे. कुलूप दिसलं तर संकोच न करता किल्ली मागा. मार्ग आखताना एसटी स्टँड, मोठे पंप आणि कुटुंबं थांबतात अशी हॉटेलं दर २५ किलोमीटरला एक अशी आधीच हेरून ठेवा. कागदी साबण आणि टिश्यू टॉप ट्यूब बॅगेत (खोगिरापुढच्या नळीवर बांधायची छोटी पिशवी) ठेवा, म्हणजे खाण्याआधी हातही धुता येतील.

प्रश्न : आषाढीला सायकलने पंढरपूरला जातो. एकादशीला उपवास असतो. त्या दिवशी सायकल चालवावी का? (मुक्ताईनगर)

निर्जळी असेल तर नको. फराळाचा उपवास असेल तर खुशाल चालवा. केळी, खजूर, राजगिरा, रताळं, साबुदाणा ही यादी सायकलस्वारासाठीच केल्यासारखी आहे. दीडशे ग्रॅम उकडलेल्या रताळ्यात ३० ग्रॅम कर्बोदकं, ४० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिरीत साबुदाण्याचीच ३५. घोटाळा करते ती खिचडी, कारण तिच्यात तूप आणि शेंगदाण्याचा कूट. ती मुक्कामाला पोहोचल्यावर खा. उपवासाला साधं मीठ चालत नसेल तर सैंधव घाला. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, प्रमाण तेच ठेवा. आषाढात हवा दमट, घाम वाळत नाही, त्यामुळे पावसाळी गारव्याला भुलून पाणी कमी करू नका.

प्रश्न : चाळीसगावहून कन्नड घाट चढतो. घाटात चावायला जमत नाही. महागडी एनर्जी जेल (पाकिटातून पिळून खायचा घट्ट गोड पाक) घ्यावीत का? (चाळीसगाव)

घाटाच्या पायथ्याला खाल्लेलं घाटात उपयोगी पडत नाही. पंधरा-वीस मिनिटं आधी, सपाटीवर असतानाच खाऊन घ्या. हाच नियम तोरणमाळच्या घाटाला. जेलच्या एका पाकिटात २०-२५ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका केळ्याएवढी. सोय चांगली, किंमत केळ्याच्या कितीतरी पट.

घरी करायचं तर १०० ग्रॅम गूळ ५० मिली पाण्यात विरघळवून एक उकळी आणा, गाळा (गुळात कचरा असतोच), दोन चिमटी मीठ आणि चमचाभर लिंबू घाला. लिंबाने पाक लवकर कणीदार होत नाही. चटणीच्या छोट्या पिळायच्या बाटलीत भरा. ३० मिलीत २४-२५ ग्रॅम साखर जाते. वर पाण्याचे चार घोट हवेतच, नाहीतर घसा चिकटतो. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, राइडच्या दिवशीचा उरलेला फेकून द्या.

प्रश्न : वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मीठ किती घ्यावं? (शिरपूर)

वरचे मिठाचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. काही गोळ्या लघवी वाढवून मीठ बाहेर टाकतात, काहींनी पोटॅशियम चढतं. गोळीचं नाव, राइडचे तास आणि तुमचा मोजलेला घाम हे तीन आकडे-तपशील लिहून डॉक्टरांकडे न्या आणि त्यांनी ठरवून दिलेलंच घ्या.

प्रश्न : बाटलीला कुबट वास येतो, धुऊनही जात नाही. (नंदुरबार)

वास बाटलीत नसतो, झाकणाच्या तोटीत असतो. साखर-लिंबू तिथे अडकून बुरशी धरते. तोटी ओढून सुटी करा, कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून सगळं रात्रभर भिजवा, दात घासायच्या जुन्या ब्रशने खाचा घासा आणि झाकण न लावता उलटं वाळवा. गुळाचं पाणी आणि ताक या बाटलीत कधीच नको. तोटीत काळे ठिपके राहिलेच तर बाटली बदला, दोनशे-तीनशे रुपयांसाठी पोट पणाला लावू नका.